गर्भातल्या डोळ्यांवर दारूचा घाला

मूल जन्माला येते. डोळे बारीक असतात, एक पापणी खाली पडलेली असते, नजर स्थिर राहत नाही. घरातली वडीलधारी मंडळी लगेच निदान करून मोकळी होतात. पोटुशी बाई ग्रहणात बाहेर पडली असेल, विळी हातात घेतली असेल, नाहीतर मागच्या जन्मीचे पाप फळाला आले असेल! डॉक्टरच्या आधी अंगारा येतो, गंडा येतो, आणि सगळा दोष त्या बाळंतिणीच्या माथी मारला जातो. ज्या व्यवस्थेने माणसाला जन्मावरून उच्च-नीच ठरविले, तिनेच जन्मजात व्यंगालाही कर्माचे फळ ठरविले. कारण शोधायचेच नाही, ही या व्यवस्थेची पहिली शिकवण.

आम्ही ज्या मार्गाचे पाईक आहोत तो मार्ग नेमके उलटे सांगतो. दुःख आहे, तर त्याला कारण आहे. कारण सापडले तर ते दूरही करता येते. म्हणूनच आज आम्ही एका अशा कारणाविषयी लिहीत आहोत, जे विज्ञानाने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी उघड केले, पण आपल्या वस्त्यांपर्यंत अजून पोहोचलेले नाही. गरोदरपणी आईच्या पोटात गेलेली दारू गर्भाच्या डोळ्यांची घडणच बिघडवू शकते.

सुरुवातीलाच एक खुलासा केला पाहिजे. जन्मतः डोळ्यांत दोष असलेल्या प्रत्येक मुलाची आई दारू पीत होती, असा अर्थ कुणीही काढू नये. गरोदरपणी झालेला रुबेला, आनुवंशिक दोष, अपुऱ्या दिवसांचा जन्म अशी इतर अनेक कारणे आहेत. पण या यादीत दारू हे असे कारण आहे, जे पूर्णपणे टाळता येते. जे टाळता येते ते टळले नाही, तर त्याचा जाब कुणाला तरी विचारावाच लागेल.

डोळा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात, जिच्यापासून पुढे मेंदू घडणार त्या पेशींच्या थराच्या पुढच्या टोकाला डोळ्यांसाठी राखलेला एकच पट्टा असतो. मध्यरेषेकडून रासायनिक संदेश येतो आणि त्या एका पट्ट्याचे डावा आणि उजवा असे दोन भाग होतात. साधारण बाविसाव्या दिवशी दोन्ही बाजूंना दोन खाचा दिसू लागतात. चौथ्या आठवड्यात त्यांचे फुगवटे होऊन ते वरच्या त्वचेला टेकतात, आणि तिथे डोळ्याचे भिंग घडू लागते. पाचव्या आठवड्यात फुगवट्याची वाटी होते. या वाटीचे अस्तर म्हणजेच पुढचे दृष्टिपटल. वाटीच्या खालच्या अंगाला एक फट असते, ती सहाव्या-सातव्या आठवड्यात मिटते. मिटली नाही तर बुबुळात किंवा आतल्या पडद्यात कायमची खाच राहते. त्यानंतर दृष्टिपटलातून लाखो तंतू मेंदूकडे निघतात. त्यांचा जुडगा म्हणजे डोळ्याची नस. या नसेतून जे जाते तेच आपल्याला दिसते.

आता हे वेळापत्रक बाईच्या आयुष्याशी ताडून पाहा. पाळी चुकल्याचे कळेपर्यंतच गर्भधारणेला दोन आठवडे होऊन गेलेले असतात. रोजंदारीवर जाणारी बाई पाळी थोडी पुढे गेली म्हणून लगेच दवाखान्यात जात नाही. तिचे नाव नोंदले जाते तेव्हा बहुधा तिसरा-चौथा महिना उजाडलेला असतो. म्हणजे सरकारी कार्डावर 'गरोदर' हा शब्द लिहिला जाण्याआधीच बाळाच्या डोळ्यांचा पाया घालून झालेला असतो! पण म्हणून पुढचे महिने निर्धोक, असेही नाही. दृष्टिपटल आणि नस यांची वाढ बाळंतपणापर्यंत चालूच असते. त्यामुळे दारू ज्या दिवशी सुटेल, त्या दिवसापासून पुढचे नुकसान टळते.

दारू गर्भापर्यंत पोहोचते कशी? वार ही गाळणी आहे असा आपला समज असतो. दारूपुढे ही गाळणी चालत नाही. आईच्या रक्तात अल्कोहोल जितके चढते, जवळपास तितकेच थोड्या वेळात गर्भाच्या रक्तातही चढते, आणि ते पचवण्याची ताकद गर्भाच्या यकृतात नसते. मग ते तीन बाजूंनी घाला घालते. चेहरा, पारपटल आणि बुबुळ घडविण्यासाठी ज्या पेशी मेंदूच्या कडेवरून निघून डोळ्यापाशी येतात, त्या वाटेतच मरतात. डोळ्याच्या घडणीला लागणारे रेटिनोइक आम्ल शरीर 'अ' जीवनसत्त्वापासून बनविते. त्यासाठी लागणारी विकरे आणि दारू पचविणारी विकरे एकाच कुळातली असल्यामुळे दारू त्या कामात आडवी येते. आणि मध्यरेषेचा जो संदेश डोळ्यांचे दोन भाग करतो, तोही क्षीण होतो.

हे काही कुणा उपदेशकाचे बोल नाहीत. चार्ल्स स्टॉकार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१० मध्येच माशांची अंडी अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यात वाढवून दाखविली होती. पिल्लांच्या डोळ्यांत दोष आले, काहींना तर मध्ये एकच डोळा आला. १९८१ मध्ये कॅथलीन सुलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरांना सातव्या दिवशी, म्हणजे माणसाच्या तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या काळात, अल्कोहोल टोचले. तेवढ्या एका दिवसाच्या माऱ्याने पिल्लांचे डोळे लहान झाले आणि चेहऱ्याची ठेवण बदलली. अलीकडे झेब्रा माशांच्या भ्रूणांवरील प्रयोगांत आखूड डोळे, बारीक नस आणि अर्धवट घडलेले दृष्टिपटल पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

माणसांच्या बाबतीत फ्रान्समधील नांत शहराच्या पॉल लेम्वान यांनी १९६८ मध्ये दारूच्या आहारी गेलेल्या आईबापांच्या १२७ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आठ मुलांची नोंद केली आणि या आजाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव मिळाले. ही आठ मुले एकमेकांच्या नात्यातली नव्हती. ती तीन वेगवेगळ्या वंशांतली होती. तरीही त्यांचे चेहरे मात्र भावंडांसारखे दिसत होते. पापण्यांमधली फट आखूड, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ. वंश तीन आणि चेहरा एक! म्हणजे दोष रक्तात नव्हता, दोष पेल्यात होता.

त्यानंतर स्वीडनच्या गोथेनबर्ग येथील नेत्रतज्ज्ञ केर्स्टिन स्ट्रॉमलँड यांनी अशा मुलांच्या डोळ्यांच्या आत पाहिले. १९८५ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत, या आजाराच्या जवळपास निम्म्या मुलांत डोळ्याची नस जन्मतःच बारीक राहिलेली आढळली. दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या होत्या. तिरळेपणा, पडलेली पापणी, मोतीबिंदू, जास्त नंबर हेही त्यांच्या नोंदींत होते.

वकिलीच्या भाषेत सांगायचे तर डोळा हा इथे साक्षीदार आहे. मूल बोलू शकत नाही, आई लाजेने बोलत नाही, बाप तर बोलणारच नाही. पण पापण्यांची फट लहानशा पट्टीने मोजता येते, नसेचे टोक साध्या उपकरणाने पाहता येते. ज्या विषाने डोळ्याची नस बारीक केली, त्याने त्याच काळात मेंदूलाही सोडलेले नसते. मूल चंचल असते, गणित जमत नाही, सांगितलेले विसरते. वर्गात फळा नीट दिसत नाही आणि दिसला तर लक्षात राहत नाही. मास्तर शिक्का मारतात, "मठ्ठ आहे." आणि मूल खालच्या म्हटल्या गेलेल्या जातीचे असेल, तर पुढचे वाक्य ठरलेले असते, "यांचे रक्तच तसे!"

या 'रक्ताच्या' सिद्धांताचे पितळ जिथे सर्वांत उघडे पडले, त्या देशाची हकिकत आमच्या वाचकांनी समजून घ्यावी. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतात सतराव्या शतकात डच वसाहतवाल्यांनी द्राक्षबागा लावल्या. राबायला गुलाम आणि तिथले मूळ रहिवासी होते. पुढे या बागांवर मजुरीचा एक भाग म्हणून वाईन देण्याची पद्धत रुळली. तिला 'डॉप' पद्धत म्हणतात. दिवसातून अनेक वेळा मजुराच्या टमरेलात वाईन ओतायची. बाईच्याही आणि पुरुषाच्याही. मालकाला विकायला न जाणारा हलका माल खपवता येत होता, रोख मजुरी वाचत होती आणि मजूर दारूला बांधलेला राहत होता. वर्णद्वेषी राजवटीने या मजुरांना 'कलर्ड' हा शिक्का मारून गोऱ्यांपासून वेगळे टाकले होते. १९६० च्या दशकात कायद्याने ही पद्धत बंद झाली, पण काही बागांवर ती १९९० च्या दशकापर्यंत चालूच राहिली. आणि सवय तर पिढ्यान् पिढ्यांची होती.

परिणाम काय झाला? त्या प्रांतातल्या एका गावात पहिलीच्या मुलांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. दर हजार मुलांमागे ४० ते ४६ मुलांत हा आजार आढळला. जगाची सरासरी २०१७ च्या एका अंदाजानुसार हजारी दीडच्या आसपास आहे. म्हणजे सुमारे तीस पट! ही त्या मुलांच्या रक्ताची करणी होती काय? नव्हे. ती मजुरीच्या पद्धतीची करणी होती. आधी माणसाच्या हातात पैशाऐवजी पेला द्यायचा, मग त्याच्या मुलाला मंद म्हणायचे, आणि मंद आहे म्हणून त्याला पुन्हा त्याच बागेत राबवायचे. गावकुसाबाहेर ढकललेल्या, उष्ट्यावर जगायला लावलेल्या आणि वर 'घाणेरडे' म्हणून हिणवलेल्या समाजाला हे चक्र समजावून सांगण्याची गरज नाही.

द्राक्षबागांचा उल्लेख आला म्हणून एक आठवण करून देतो. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि मोठा वाद झाला. त्या वादात, वाईन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद जबाबदार पुढाऱ्यांनी केला. पश्चिम केपच्या त्या मुलांचे डोळे आणि मेंदू कशाने बिघडले होते? हातभट्टीने नव्हे, मोहाच्या दारूने नव्हे, वाईननेच! पेला काचेचा असो की पत्र्याचा, माल देशी असो की विलायती, आत अल्कोहोल एकच. गर्भाला लेबल वाचता येत नाही. गरोदरपणी अमुक इतकी दारू सुरक्षित, अशी कोणतीही मर्यादा आजवर सिद्ध झालेली नाही.

आता कायद्याकडे वळू. देशात दारूच्या बाटलीवर कोणता इशारा असावा, हे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी ठरविले आणि १ एप्रिल २०१९ पासून ते लागू झाले. इशाऱ्याचा आशय दोनच गोष्टी सांगतो. मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे, आणि पिऊन गाडी चालवू नका. गाडी चालविणाऱ्याची काळजी घेतली, चांगले झाले. पण पोटातल्या बाळासाठी त्यात एकही शब्द नाही! अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने गरोदर स्त्रियांसाठीचा इशारा बाटलीवर सक्तीचा केला. फ्रान्स हा तर वाईनचा देश, तिथेही २००७ पासून हा इशारा किंवा गरोदर स्त्रीचे चित्र बाटलीवर असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०२३ पासून तसे चित्र बंधनकारक झाले. मग आमच्या बाटलीवर ते का नसावे? ज्या बाईला अक्षर येत नाही तिला चित्र तर कळते!

भारतीय संविधानाचे ४७ वे कलम राज्याला पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे आणि मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य सांगते. ३९ वे कलम मुलांना निरोगी रीतीने वाढण्याची संधी द्यायला सांगते. ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. पण देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत, असे ३७ वे कलम स्पष्टपणे बजावते. बंदी घालावी की न घालावी यावर दुमत असेल. पण बाटलीवर खरे सांगावे, याबद्दल दुमत कशाला? दारूच्या प्रत्येक बाटलीवर उत्पादन शुल्क गोळा करणाऱ्या सरकारने चार बोटांचे चित्र छापून घेऊ नये, ही कंजुषी कुणाच्या फायद्याची?

इथे आम्हाला एका धोक्याचीही सूचना द्यायची आहे. हे सारे ऐकून "मग त्या आयांनाच शिक्षा करा" म्हणणारे पुढे येतील. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने १९९८ मध्ये अशा गरोदर स्त्रियांना ताब्यात घेण्याची मुभा देणारा कायदा केला. असल्या कायद्याने काय होते? धाकाने बाई दवाखान्यात यायचीच बंद होते, आणि मूल वाचायचे ते राहूनच जाते. इंग्लंडमध्ये गर्भातच दारूने बाधित झालेल्या एका मुलीच्या वतीने, गुन्ह्याची बळी म्हणून भरपाई मागितली गेली. तिथल्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये ती नाकारली. गर्भ हा कायद्याच्या अर्थाने दुसरी 'व्यक्ती' नसल्यामुळे आईच्या हातून तो गुन्हा घडलेला नाही, असा निर्वाळा दिला. त्या मुलीला आधार मिळायलाच हवा, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण आधाराची किंमत म्हणून आईला गुन्हेगार ठरविणे आम्हाला मान्य नाही. जिला कुणी कधी सांगितलेच नाही, जिच्या अंगदुखीवर दारूखेरीज दुसरे औषध कुणी दिले नाही, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून दारू विकणारा मात्र साक्षीदारही होत नाही!

या बाबतीत बाबासाहेबांनी घालून दिलेली वाट आमच्यासमोर आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी, मातेला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन केले. गरोदरपण ही एकट्या बाईची खासगी अडचण नाही, त्याचा भार मालकाने आणि शासनाने उचलला पाहिजे, हा त्या भूमिकेचा गाभा. त्याही आधी, १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी शहरातल्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली होती. आमच्या महापुरुषांनी प्रश्न विचारला तो पिणाऱ्या गरिबाला नव्हे, पाजणाऱ्या व्यवस्थेला.

"पण आपल्याकडे बायका पितात कुठे?" असे काहीजण म्हणतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष आणि सुमारे १ टक्का स्त्रिया मद्य घेतात असे आढळले. टक्का एक दिसतो, पण एवढ्या मोठ्या देशात त्या एका टक्क्यात लाखो स्त्रिया येतात. शिवाय ज्या समाजात बाईने पिणे ही बदनामी मानली जाते, तिथे खरे उत्तर मिळायला विश्वासाने विचारावे लागते. ते आज विचारले जाते काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. देशी, विलायती, बिअर, वाईन, प्रत्येक बाटलीवर गरोदर स्त्रीचे चित्र असलेला इशारा सक्तीचा करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची जी तपासणी २०१६ पासून होते, तिथे प्रत्येकीला, कोणत्याही जातीची आणि वस्तीची असो, दारूविषयी एकांतात आणि सन्मानाने विचारा. जिला सवय आहे तिला पोलीस नको, उपचार द्या. रोज पिणाऱ्या गरोदर बाईने दारू एकाएकी सोडणे धोक्याचे ठरू शकते, तिला डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, दृष्टिदोष आहे, पण गर्भातल्या दारूबाधेचे नाव नाही. ते घाला. बारीक राहिलेली नस मोठी करण्याचा उपाय आज नाही, पण चष्मा, तिरळेपणावरचा वेळीच उपचार, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, वर्गात पुढचा बाक आणि समजूतदार शिक्षक यांनी त्या मुलाचे आयुष्य बदलू शकते. तिरळ्या डोळ्याला लहान वयातच उपचार मिळाला तर नजर वाचते, सात-आठ वर्षांनंतर ते अवघड होत जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. त्यांच्या दाखल्यासाठी या मुलांच्या आयांना हेलपाटे घालायला लावू नका.

आणि आता थोडे आपल्या घराकडे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक दारू न पिण्याची आहे. विहारात पाचवे शील म्हणायचे आणि जयंतीच्या मिरवणुकीत झिंगून नाचायचे, हे आता पुरे झाले. घरातला पुरुष पितो तेव्हा बाईच्या वाट्याचे दूध, अंडी आणि औषध त्यात वाहून जाते, आणि कित्येक घरांत तिच्या हातातही तोच पेला दिला जातो. बायको गरोदर आहे हे कळल्यावर नवऱ्याने तिच्याबरोबर दारू सोडली, तर तिला सोडणे सोपे जाते. महिला मंडळांनी, वस्तीतल्या आशाताईंनी आणि विहारांच्या समित्यांनी हा विषय वर्षावासात, हळदीच्या घरी, ओटीभरणीच्या कार्यक्रमात मोकळेपणाने मांडावा. दरवर्षी ९ सप्टेंबरला, म्हणजे नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, गरोदरपणाच्या नऊ महिन्यांची आठवण म्हणून जगभर याविषयी जागृती केली जाते. त्या दिवशी प्रत्येक विहारात एका डॉक्टरला बोलावून तासभर हा विषय ऐकायला काय हरकत आहे?

लेकरांनी शिकावे म्हणून पोटाला चिमटा घेणारा हा समाज आहे. शिकायला पुस्तक लागते, आणि पुस्तक वाचायला डोळे. त्या डोळ्यांचे रक्षण शाळेच्या पहिल्या दिवसापासून नव्हे, आईच्या पोटातल्या पहिल्या आठवड्यापासून करावे लागेल. ते करणे हे घराचे, समाजाचे आणि दारूच्या महसुलावर तिजोरी भरणाऱ्या शासनाचे कर्तव्य आहे. घर आणि समाज आपले कर्तव्य करतील. शासनाला ते करायला भाग पाडणे, हे आता चळवळीचे काम आहे.